आर्डिसची कडी

आर्डिस टोरकेल्सन रागावली आहे हे ओळखायला नवख्या माणसाला आमच्याकडे दोन-तीन हिवाळे काढावे लागतात. ती आवाज चढवत नाही, दार आपटत नाही. "हं, हे जरा वेगळंच आहे," एवढंच म्हणते. मिनेसोटात हे वाक्य चर्चच्या तळघरातल्या जेवणात कुणाच्या करपलेल्या हॉटडिशबद्दलही, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मिश्र पदार्थाबद्दलही, म्हणतात आणि शेजाऱ्याने जांभळ्या रंगात रंगवलेल्या घराबद्दलही, त्यामुळे बाहेरून आलेल्यांना वाटतं, बाई खूश आहे.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारच्या मीटिंगमध्ये ती हे वाक्य तीनदा म्हणाली. तिसऱ्या वेळेला मी हातातला डोनट खाली ठेवला.

आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी पंप बनवते. रोग्याच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने, मोजून सोडणारे. सोमवारी सकाळी मोठ्या पडद्यावर आठवड्याच्या तक्रारी दाखवतात आणि आमचा मॅनेजर कर्ट एलेफ्सन त्या भराभर वाचून बंद करतो. त्या दिवशी एक तक्रार होलमन फॉल्स या लहान गावच्या हॉस्पिटलातली होती. जोलीन श्वाब नावाची नर्स एका म्हाताऱ्या रोग्याला तपासणीसाठी दुसरीकडे हलवत होती. पंपाची वायर भिंतीतून काढली, औषध थांबवलं, पलंग ढकलत निघाली. म्हणजे असं ती सांगत होती. औषध थांबलंच नव्हतं. अठरा मिनिटं चालू राहिलं. म्हाताऱ्याचा रक्तदाब पार खाली गेला, दोन दिवस अतिदक्षता विभागात काढून तो वाचला. हॉस्पिटलने जोलीनला घरी बसवलं आणि परवाना काढून घेण्यासाठी प्रकरण नर्सिंग बोर्डाकडे पाठवलं.

"पंपाच्या नोंदीत थांबवण्याचं बटण दाबल्याचं कुठेही नाही," कर्ट म्हणाला. "वापरणाऱ्याची चूक. बंद."

"तिचा जबाब आहे का?" आर्डिसने विचारलं.

"आहे. नेहमीचंच. मी दाबलं, मी दाबलं."

"वाच ना."

कर्टने नाइलाजाने वाचला. "मी वायर काढली आणि लगेच बटण दाबलं. टुक असा आवाज आला. मग मी पलंग ढकलायला घेतला."

"टुक आवाज आला म्हणतेय ती," आर्डिस म्हणाली.

"म्हणतेय."

"हं. हे जरा वेगळंच आहे."

आर्डिसला ओळखल्याशिवाय तिला त्या 'टुक'मध्ये काय ऐकू आलं ते कळणार नाही. ती गाईगुरांच्या फार्मवर वाढली. आई चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर चालवायची, दोनशे माणसं जेवून जाईपर्यंत एकही चमचा हरवू न देता. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात दोनच मुली होत्या; दुसरी लग्न करून फार्गोला गेली, ही वेंडेलशी लग्न करूनही एकतीस वर्षं आमच्याकडे राहिली. तिचं काम ड्रायव्हर लिहिण्याचं. ड्रायव्हर म्हणजे पंपाची मोटर, बटणं, बॅटरी हे हाडामांसाचं यंत्र आणि वरचा शहाणा प्रोग्रॅम यांच्यामधला दुभाषा. वरच्याला कौतुक मिळतं, पडद्यावरचे रंग त्याचे. दुभाष्याची आठवण चूक झाली की होते.

बटण दाबल्यावर 'टुक' करणारा भाग तिनेच लिहिला होता. बोट टेकलं की सगळ्यात आधी आवाज, मग बाकीचं. बोट टेकलं नाही तर आवाज नाही. नर्सने आवाज ऐकला असेल तर नर्सने बटण दाबलं होतं, इतकं हे सरळ होतं. आणि बटण दाबूनही औषध चालू राहिलं असेल, तर जोलीन श्वाब नव्हे, आम्ही घरी बसायला हवं होतं.

मीटिंगनंतर ती माझ्या तपासणीच्या टेबलाशी आली. मी तिच्याबरोबर एकोणीस वर्षं काढली आहेत. ती खुर्ची ओढून बसली आणि सात वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगायला लागली, जी मला अर्धी माहीत होती.

तेव्हाही एकदा एक पंप थांबवल्यावर पुन्हा चालू झाला होता. कारण सापडेना म्हणून कुणीतरी बटणाच्या भागात एक ओळ घातली: बटण दाबलं की आधी नोंदवहीत तसं लिही. का घडतंय ते दिसावं म्हणून. ओळ घातली आणि दोष गायब झाला. महिनाभर वाट पाहिली, दोष नाही. मग सगळ्यांनी ती ओळ तशीच ठेवून पंप विकायला काढले.

"औषध सापडलं नाही, थर्मामीटर तोंडात ठेवल्यावर ताप उतरला. म्हणून जन्मभर तोंडात थर्मामीटर," आर्डिस म्हणाली.

"पण ओळीने दोष जाईल कसा?"

"आमच्या घरी फ्रिजवर फळा आहे. त्यावर लिहिलंय, दूध हवं. फळा धुवायचा म्हणून मी ते कागदावर उतरवते, फळा धुते, कागद बघून परत लिहिते. मी धुत असताना वेंडेल येतो, फळ्यावर 'दूध नको' लिहितो आणि जातो. मी कागद बघून लिहिते, दूध हवं. आता वेंडेल शपथेवर सांगेल, मी नको लिहिलं. मी शपथेवर सांगेन, हवं असंच होतं. दोघंही खरं बोलतोय."

"आणि घरात दोन गॅलन दूध."

"इथे शिरेत औषध. वायर काढली की पंप विजेवरून बॅटरीवर जातो. जाताना चालू आहे की बंद ते उतरवून ठेवतो, सगळं पुसतो, परत मांडतो. डोळ्याचं पातं लवायलाही जास्त वेळ लागतो. नेमकं तेवढ्यात बटण दाबलं तर 'बंद' लिहिलं जातं, आणि परत मांडताना त्याच्यावर जुनं 'चालू' येतं. फळा धुवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावायची असते. तेवढा वेळ वेंडेलने बाहेर थांबायचं. आमच्या पंपात ती कडीच नाही."

"आणि ती ओळ?"

"नोंदवहीत एका वेळी एकालाच लिहिता येतं. वीज बदलणारा भाग तेवढा वेळ वही धरून बसलेला असायचा. बटणाच्या भागाला वहीत लिहायचं म्हणजे रांगेत थांबणं आलं. रांगेत थांबला, तोवर फळा धुऊन झालेला. कडी नव्हती, पण दाराशी योगायोगाने एक गलेलठ्ठ माणूस उभा होता, म्हणून वेंडेल आत येत नव्हता. मी तेव्हा लिहून दिलं होतं, कडी लावा. उत्तर आलं: दोष पुन्हा दिसत नाही, बंद."

"मग आता का दिसला?"

तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. नोव्हेंबरात प्रोग्रॅमची साफसफाई झाली होती. त्रेचाळीस ठिकाणच्या बिनकामाच्या नोंदी उडवल्या होत्या. आमच्याकडे कुठलाही बदल दोन माणसांनी वाचून ओके दिल्याशिवाय जात नाही. सतराव्या ठिकाणी ती ओळ होती. खाली ओके देणाऱ्यांची दोन नावं होती. दुसरं नाव आर्डिस टोरकेल्सन.

"शुक्रवार होता, दुपारचे तीन," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी हरणांची शिकार सुरू होणार होती. वेंडेल गाडी भरून खाली हॉर्न वाजवत होता. मी पहिली दहा ठिकाणं वाचली आणि बाकी सगळ्याला ओके दिलं."

त्या शुक्रवारी आमच्या इमारतीत दुपारनंतर कोण असतं ते मला माहीत आहे. अर्धा मिनेसोटा शिकारीचा नारिंगी कोट घालून उत्तरेला निघालेला असतो. ओके सगळेच देतात. नंतर मी तारीख शोधली. त्या दिवशी माझीही चार ओके होती.

आणि मला माझाही राग आला. माझ्या तपासणीच्या यादीत दोनशे बारा पायऱ्या आहेत. वायर काढून पाहा, आहे. बटण दाबून पाहा, आहे. दोन्ही एकाच वेळी करून पाहा, असं एकाही ओळीत नव्हतं. प्रत्येक नर्स रोगी हलवताना तेच करते, एका हाताने वायर, दुसऱ्या हाताने बटण, कारण तिसरा हात तिला दिलेला नाही. आम्ही मात्र निवांत, एकामागून एक.

आर्डिस कर्टकडे गेली. मी मुद्दाम बरोबर गेले.

"पटण्यासारखं आहे," कर्ट म्हणाला. "पण दाखवता येतं का? करून दाखव, तक्रार पुन्हा उघडतो."

तिने पुसणं आणि परत मांडणं यांच्यामध्ये थोडा उशीर घालून करून दाखवलं. दर वेळी पंप थांबून पुन्हा चालू झाला.

"हा उशीर तू घातलास," कर्ट म्हणाला. "आपल्या पंपात तो नाही. म्हणजे हा दोष आपल्या पंपाचा नाही, तुझ्या पंपाचा."

"हं," आर्डिस म्हणाली.

बटणं किती टिकतात हे पाहायला माझ्या टेबलावर एक लोखंडी बोट आहे. दिवसभर मुकाट्याने बटण दाबत बसतं. आम्ही होलमन फॉल्समध्ये होता तसाच, एक अक्षरही न बदललेला पंप त्याच्यासमोर ठेवला. एक स्विच वीज तोडणार आणि त्याच सुमारास बोट बटण दाबणार. शेजारी मोजणारं यंत्र लावलं. चार दिवस कामाच्या वेळात ते टुक, टुक, टुक करत राहिलं. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने कानात बोळे घातले आणि मग दुसऱ्या मजल्यावर जागा मागून घेतली.

गुरुवारी दुपारपर्यंत चौदा हजार दोनशे सहा वेळा झालं. त्यात पाच वेळा आवाज झाला, बटण दाबलं गेलं, आणि पंप चालूच राहिला. नोंदवहीत पाचही वेळा काही नाही. नोंद लिहिणारी ओळच आम्ही काढून टाकली होती, आणि त्याच कोऱ्या वहीकडे बोट दाखवून आम्ही एका बाईला खोटारडी ठरवत होतो.

कर्टने आकडे पाहिले. "चौदा हजारांत पाच. कुठली नर्स चौदा हजार वेळा बटण दाबते?"

"एकटी नाही दाबत," आर्डिस म्हणाली. "सगळ्या मिळून दाबतात. आपली चौदा हजार सकाळच्या कॉफीपासून जेवणापर्यंत संपत असतील."

कर्टने आकड्यांचा कागद उलटा ठेवला. माणूस वाईट नाही. त्याच्या आईच्या अंत्यविधीला आर्डिसने तीन ट्रे लेमन बार नावाच्या लिंबाच्या वड्या करून नेल्या होत्या. "ठीक आहे," तो म्हणाला. "कडी लाव. पुढच्या आवृत्तीत घालू. सोबतच्या पत्रात लिहू, स्थिरता सुधारली."

"आणि तक्रार?"

"ती बंद आहे ना."

"वापरणाऱ्याची चूक म्हणून बंद आहे."

"आर्डिस, पंप दुरुस्त होतोय. तुला तेच हवं होतं."

"यंत्र दुरुस्त करायचं आणि बाई तशीच ठेवायची?"

"नर्सचं काय ते तिचं हॉस्पिटल बघेल. वकिलांचं म्हणणं आहे, या विषयावर ईमेल नकोत. बोलायचं असेल तर फोनवर." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि हे उघडलं तर पहिला प्रश्न येणार, ती ओळ काढायला ओके कुणी दिलं. तुझं नाव आहे तिथे. निवृत्तीला तुझी तीन वर्षं राहिलीत. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"माझं नाव आहे तिथे, माहीत आहे मला," ती म्हणाली. "मीच सांगणार आहे. तू सांगशील तर अर्धंच सांगशील."

मी तिच्या तोंडून इतकं उघड बोलणं त्याआधी ऐकलं नव्हतं. कर्टनेही नसावं. त्याने पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं.

शनिवारी मी तिच्या घरी गेले. वेंडेल गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला होता. ती जेवणाच्या टेबलावर बसून सरकारी फॉर्म भरत होती. पंपाची तक्रार सरकारी खात्याकडे कुणीही नोंदवू शकतं, नर्स, रोगी, रोग्याची मेहुणी. बनवणाऱ्यांपैकी कुणी स्वतःच्या नावाने नोंदवत नाही, इतकंच. 'तुमचा या उपकरणाशी संबंध' या रकान्यात तिने लिहिलं होतं: याचा ड्रायव्हर मी लिहिला आहे. तेच सगळं पत्रात लिहून तिने नर्सिंग बोर्डाला पाठवलं.

"वेंडेलला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, मग पुढच्या वर्षी मी हॉर्न वाजवणार नाही." ती हसली नाही. "त्याला वाटतंय त्याच्यामुळे झालं. मी म्हटलं, वाजवणारा तू असशील, न वाचणारी मी होते. वाटून नको घेऊस."

सुनावणी एप्रिलमध्ये, मंगळवारी सकाळी, सेंट पॉलला होती. जोलीन श्वाब पहिल्यांदा तिथेच दिसली. चौतीस-पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, शेजारी नवरा. अकरा वर्षं नर्स होती आणि नऊ आठवडे भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत होती. ती सबंध वेळ उजवा हात मांडीखाली दाबून बसली होती.

हॉस्पिटलचा वकील नम्र होता. आमच्याकडे सगळेच असतात. "यंत्राला खोटं बोलायचं कारण नसतं," तो म्हणाला. "नोंदीत बटण नाही."

आर्डिस उभी राहिली. "नोंदीत नाही, कारण नोंद करणारी ओळ आम्ही काढली. यंत्र खोटं बोललं नाही. त्याला विचारायची सोयच आम्ही ठेवली नव्हती."

मग तिने फळा, कागद, वेंडेल आणि दूध हे सगळं सांगितलं. बोर्डावरच्या एका बाईंनी मान डोलवली. त्यांच्याही फ्रिजवर फळा असावा.

"आणि हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"सात वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. कडी लावली नाही. नोव्हेंबरात शेवटचा आधार काढला, त्याला ओके मीच दिलं."

"का दिलंत?"

"शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी हरणांची शिकार सुरू होत होती."

खोलीत एवढे सगळे मिनेसोटातलेच. कुणी हसलं नाही, कुणी अर्थ विचारला नाही. अध्यक्ष समोरच्या कागदाकडे बघत राहिले. त्या शुक्रवारी आपण कशावर सही करून निघालो होतो ते आठवत असावेत.

वकील म्हणाला, "पाच वेळा, चौदा हजारांत. त्या दिवशी तसंच झालं हे तुम्ही शपथेवर सांगू शकाल?"

"नाही. पण ती आवाज ऐकला म्हणते. आमच्या पंपात आवाज आधी होतो, हे कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही. मला माहीत आहे, कारण मी तो तसा लावला. न दाबता दाबलं म्हणणाऱ्या माणसाला हे सुचणार नाही."

मे महिन्यात बोर्डाचं पत्र जोलीनला आलं. तिने त्याची प्रत आर्डिसला पाठवली. दोन ओळी होत्या: पुरेशा पुराव्याअभावी आरोप सिद्ध होत नाही. परवाना कायम. हॉस्पिटलने तिला परत बोलावलं, झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द न काढता. सरकारी खात्याने विचारणा केल्यावर आमच्या कंपनीने सगळ्या हॉस्पिटलांना पत्र पाठवलं: अत्यंत दुर्मीळ परिस्थितीत, विशिष्ट क्रिया एकाच वेळी घडल्यास. पत्रात कुणी काही केलं नव्हतं. सगळं आपोआप घडलं होतं. कडी मात्र लागली. आर्डिसने स्वतः लावली, आणि तो तिने ड्रायव्हरमध्ये केलेला शेवटचा बदल ठरला. आता तिला दुसऱ्या मजल्यावर माहितीपुस्तिका तपासायला बसवलं आहे. खुर्ची चांगली आहे म्हणतात.

"पुराव्याअभावी," ती पत्र पुन्हा पुन्हा वाचत म्हणाली. "म्हणजे दाबलंही असेल, नसेलही. असं घेऊन तिने कामावर जायचं?"

तिने फोन लावला. मी समोरच बसले होते, जोलीनचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. ती आधी आभार मानत राहिली. मग थांबली.

"आर्डिस, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मी कामावर जाते. बटण दाबते. आवाज ऐकते. मग उभी राहून तीनदा बघते. बरोबरच्या मुली हसतात. मधल्या काळात सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलं ना, की मलाच वाटायला लागलं, मी नसेलच दाबलं. आवाज दुसऱ्या दिवशीचा आठवत असेल. तुम्ही तिकडे सांगितलंत ते मला वाचवायला की खरंच?"

आर्डिसने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी तुला ओळखतही नव्हते," ती म्हणाली. "तुला वाचवायला मी कशाला येऊ? मी माझ्या पंपासाठी आले होते. तुझं बोट बरोबर वेळेवर टेकलं. पंपाने ते ऐकलं, 'टुक' केलं आणि पुसून टाकलं."



"हे लिहून द्याल?" जोलीनने विचारलं. "असंच?"

"देते," आर्डिस म्हणाली. तिने कंपनीच्या नावाचा कागद ओढला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि त्यावरच लिहायला सुरुवात केली.